शेवटच्या खिडकीची ताटी

पाणी आणि पुस्तकं यांचं जन्माचं वैर, आणि मी पुस्तकांच्या बाजूची. त्यामुळे आमच्या वाचनालयात उन्हाळाभर जे काही चालायचं ते बघून माझं डोकं फिरायचं, हे आधीच सांगून टाकते.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. वाचनालयाची इमारत इंग्रजांच्या काळातली, कापसाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेली. काळ्या दगडाचं जोतं, चुन्याच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि छताजवळ दोरीनं उघडायचे झरोके. बांधणाऱ्यांनी उन्हाचा विचार केला होता, नाही असं नाही. पण आमच्याकडचा मे महिना झरोक्यांना जुमानत नाही. म्हणून होळी झाली की पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या लागायच्या. झरीकडचं एक कोलाम आदिवासी जोडपं बांबूच्या चौकटी विणून आणायचं आणि अंगणातच बसून त्यांत वाळा भरून द्यायचं. ताटीवर पाणी मारलं की पश्चिमेचा तापलेला वारा तिच्यातून गार होऊन आत यायचा आणि अख्ख्या हॉलला वाळ्याचा वास सुटायचा.

पाणी मारायला माणूस मात्र ठेवलेला नव्हता. रीत अशी की जो पेपर वाचायला येईल त्यानं आधी मागच्या हौदातून डबाभर पाणी घ्यायचं, ताटीवर मारायचं आणि मग आत यायचं. तो सभासद आहे की नाही हे कोणी विचारत नसे. पाणी मारलंत ना, बसा. बाजार समितीत कापसाची गाडी रांगेत लावून आलेला माणूसही डबाभर पाणी मारून पंख्याखाली टेकायचा. एकदा नवे तहसीलदार सरळ आत आले, तर खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी पेपरातून मान वर न काढता नुसतं ‘पाणी’ म्हटलं. साहेब मुकाट्यानं बाहेर गेले आणि बूट भिजवून परत आले.

रीत छान होती. गावातली माणसं ती सांगताना अजून गहिवरतात. मी नाही गहिवरत, कारण त्या खिडक्यांमधली कपाटं माझ्या ताब्यात होती. मी तिथली ग्रंथपाल. लोक पाणी ताटीवर कमी आणि भिंतीवर जास्त मारायचे. चुना फुगायचा, कपाटांच्या पाठी ओल धरायच्या, पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून बसायची, आणि पावसाळ्यात वाळवीला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नसे. जुन्या मासिकांचा बांधीव खंड उघडला तर पान हातात यायचं, मजकूर खाली राहायचा. मी दर वर्षी कार्यकारिणीपुढे रडगाणं गायचे आणि दर वर्षी ते ऐकून घेतलं जायचं.

अशात माझा दादा वाचनालयात यायला लागला.

दादा माझा मोठा भाऊ. मॅट्रिकनंतर तो जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, लागला आणि पुढे फिटर झाला. हंगामात त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. ह्याइले घरात घ्याच्या आधी पिंजून घ्या लागते, असं वहिनी म्हणायची. मग ती वर्षं आली. कापसाचे भाव पडले, सरकारी खरेदी आटत गेली, व्यापारी माल बाहेर न्यायला लागले आणि एकेक जिनिंग बंद पडत गेलं. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायला लागलं, कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. वाचनालयात पेपर उघडायची पद्धतसुद्धा त्या वर्षांत बदलली. आधी माणसं पहिलं पान वाचायची. आता थेट जिल्ह्याचं पान काढून गावांची नावं बघायची, आपल्या नात्यातलं गाव त्यात नाही अशी खात्री करून घ्यायची आणि मगच एकमेकांशी बोलायची.

दादाच्या जिनिंगला कुलूप लागलं तेव्हा त्यानं पन्नाशीही गाठली नव्हती. मुलगी महागावला दिलेली, घरात तो आणि वहिनी दोघंच. वहिनी ब्लाउज शिवायची. घरात मोठी खोली एकच, तिच्यात तिची मशीन. दिवसभर बायका मापं द्यायला यायच्या. त्या आल्या की दादा उठून बाहेर जायचा, त्या गेल्या की परत आत यायचा. घरात मी अडचण होऊन बसलो, असं तो एकदा मला हसत म्हणाला होता. हसत म्हणाला म्हणून मीही हसले.

मग तो सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून वाचनालयात यायला लागला. पहिले काही दिवस सगळ्यांसारखं आपलं डबाभर पाणी मारून पेपर घेऊन बसला. पण पेपर त्याच्या हातात फार वेळ टिकत नसे. ताटी वाळायला लागली की तो उठायचा आणि आणखी एक डबा मारून यायचा. हळूहळू दुसऱ्यांचे डबे त्याच्या पसंतीस उतरेनात. कोणी खालीच पाणी मारलं, कोणी एकाच जागी ओतलं, की तो मागून जाऊन सगळी ताटी वरपासून पुन्हा भिजवायचा. शेवटी लोकांनी डबे त्याच्याच हाती दिले आणि त्याचं नाव ‘पाणीपुरवठा’ ठेवून टाकलं. म्हातारे आतून ओरडायचे, “पाणीपुरवठा, आज वरच्या गावाले कमी सोडून राह्यले का?” दादा बाहेरून म्हणायचा, “बिल भरा पहिले.” त्याला ते नाव आवडायचं. जिनिंग बंद झाल्यापासून त्याला कामाच्या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

सकाळी घरातून ‘जाऊन येतो’ म्हणून निघायला एक ठिकाण, एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं. ते मला कळत होतं. आणि त्याच्या पाण्यानं माझी पुस्तकं सडत होती, तेही दिसत होतं. आधी लोक दिवसातून एकेक डबा मारायचे, आता दादा दिवसभर मारत होता. पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे आतल्या बाजूनं पडायला लागले.

त्यातच इमारतीला दाता मिळाला. जुन्या वर्गणीदारांपैकी एकाचा नातू परदेशी असायचा. तो गावात आला, आजोबांनी बांधायला हातभार लावलेल्या हॉलमध्ये सत्काराला बसला, हार घालेपर्यंत घामानं निथळला, आणि आजोबांच्या नावानं सगळी इमारत वातानुकूलित करून देतो म्हणाला. टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठी टाळी माझी होती.

नागपूरहून इंजिनिअर आला. माणूस समजदार होता. जुन्या दगडाला भोकं पाडायची नाहीत, दर्शनी बाजू होती तशीच राहिली पाहिजे, असं त्यानं आधीच सांगितलं. हवेचे पाइप नव्या छताच्या वरून नेले. झरोके बंद केले. पश्चिमेच्या खिडक्यांवर दिवसभर ऊन असतं म्हणून त्या आतून फोम आणि प्लायवुड लावून कायमच्या बंद केल्या, आणि त्यांच्यापुढे माझी कपाटं आली. बाहेरून जुनी लाकडी पट्ट्यांची झिलमिली तशीच ठेवली, त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटू नये. एकच अट त्यानं घातली, की ह्या भिंतीला ह्यापुढे पाण्याचा थेंब लागता कामा नये.

मी खूश होते. अजूनही म्हणते, ते काम व्हायलाच हवं होतं. झरोके आणि वाळ्याचा वास आठवून ज्यांचा गळा दाटतो त्यांनी एकदा माझ्याबरोबर बसून वाळवी लागलेलं एक कपाट साफ करून दाखवावं.

ताट्या उतरवायला दादाच आला. मी बोलावलं नव्हतं. त्यानं त्या एकावर एक नीट रचून ठेवल्या, हौदाची झाकणी लावली, डबा पालथा घातला. मी म्हटलं, “दादा, आता आत गार हवेत बसून आरामात पेपर वाचजो.” तो हो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

हिवाळाभर काम चाललं. होळीच्या सुमारास मशीनं सुरू झाली. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे वीज असेपर्यंत एसी आणि नंतर डिझेल असेल तर जनरेटर, असा कारभार होता. तरी हॉल गार राहायचा आणि पुस्तकं कोरडी. काचेचं दार आलं. ते ढकलायचं की ओढायचं हे न कळून बाजारातली माणसं पायरीवरच घुटमळायची, मग मी उठून उघडायचे.

एका सकाळी त्या दाराबाहेर वहिनी उभी दिसली. ती वाचनालयात कधी आली नव्हती. मी तिला आत आणलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, “ताई, हे दाढी करत नाईत.”

मला आधी हसू आलं. “नाई करत तं नाई करत. वाढू द्या.”

“तसं नाई. दिवसभर भितीकडे तोंड करून निजून राह्यतेत. जेवा म्हटलं तं जेवतेत, उठा म्हटलं तं उठतेत. काल म्या मशीन थांबवून इचारलं, कायचा इचार करून राह्यले? तं म्हणतेत, काईच नाई. ताई, ते पेपरात येते ना...” ती तिथेच थांबली. त्या वर्षांत आमच्याकडे हे वाक्य कोणाला पुरं करावं लागत नसे.

मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. तिनं आल्यापासून मनात धरून ठेवलेलं बोलून टाकलं.

“त्याइच्यासाठी एक ताटी ठेवा ना. एकच.”

“वहिनी, खिडक्या बंद झाल्या. मांगं कपाटं लागली हाय.”

“बाहेरून दिसते का?”

बाहेरून दिसत नव्हतं. मी तिला समजावलं. यंत्रावर नुसता हात ठेवून कुठे काय अडलंय ते ओळखण्यात दादाचं आयुष्य गेलं, त्याला असं बनवता येईल का? आणि कळलं तर? वहिनी म्हणाली, “कळलं तं कळलं तवा पाहू. आता तं उठून बसू द्या त्याइले.” ह्यावर मी समजावणं सोडलं. माझा नवरा तसा भिंतीकडे तोंड करून पडलेला नव्हता. मला तर नवराच नव्हता.

आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. त्यांनी ऐकताक्षणी होकार दिला, आणि गोष्ट दोन-चार दिवसांत सगळ्या गावाला कळली. आमच्या गावात एखादी गोष्ट गुपित ठेवायची तर ती सगळ्यांना सांगून ठेवावी लागते. भिंतीला पाणी लागू नये म्हणून लोहारानं लोखंडी चौकट केली आणि पश्चिमेच्या शेवटच्या खिडकीपुढे, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, एक ताटी टांगली. मग अध्यक्ष स्वतः दादाकडे गेले. मीही बरोबर होते. “म्हाताऱ्यांना त्या मशीनची हवा सोसत नाही,” ते शाळेत शिकवल्यासारखं सावकाश म्हणाले. “त्यांच्यासाठी कोपऱ्यातली एक खिडकी जुन्या पद्धतीची ठेवली आहे. आता पाणी कोण मारणार? तुमच्याशिवाय दुसरा माणूस आहे का गावात?”

दादानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मशीनवर बसलेली वहिनी सुईत दोरा ओवत होती आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता.

“उद्या येतो,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला. डबा उलटा होता तो सुलटा केला आणि कामाला लागला. म्हातारे आपापलं काम चोख करायचे. घरी जाताना बाहेरून वळसा घालून त्याच्याजवळ थांबायचे आणि म्हणायचे, “आज मस्त गार वाटलं हो.” एकानं तर उत्साहाच्या भरात, आज जरा जास्तच गार झालं, उद्या कमी मारा, असंही सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या पथ्यावर पडली. दादा आत येत नव्हता. आधी पाणी मारलं की तो आत येऊन बसायचा. आता तो हौदाजवळच्या दगडावर बसायचा, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. आत आला असता तर त्याला शेवटच्या खिडकीच्या जागी मासिकांचं कपाट दिसलं असतं आणि सगळं नाटक तिथेच संपलं असतं. त्यामुळे तो येत नाही हे बघून आधी मला हायसं वाटलं. पण चैत्र सरला, वैशाखाचं ऊन लागलं. पश्चिमेच्या त्या जोत्यावर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. सावली म्हणून नाही. मी बोलवायला गेले की तो म्हणायचा, “माये पाय वल्ले हाय. तुयी फरशी खराब होईन.”

मला तो तिथे बघवत नव्हता, त्याला आणखी एक कारण होतं. माझ्या आजोबांना ह्या इमारतीच्या पायऱ्या चढायची मुभा नव्हती. आत कोणी मोठ्यानं पेपर वाचत असेल तर ते पश्चिमेच्या खिडकीखाली उभं राहून ऐकायचे. पुढे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडिलांना शिकवलं, वडिलांनी आम्हाला शिकवलं, आणि त्या इमारतीच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये आल्या. एवढं सगळं होऊन माझा भाऊ पुन्हा त्याच खिडकीबाहेर उन्हात उभा होता, आणि ह्या वेळी त्याला कोणीही अडवलेलं नव्हतं.

वहिनी दुपारी डबा घेऊन यायची. भर उन्हात, छत्री घेऊन. डबा सकाळीच दिला असता तर चाललं असतं, पण ती स्वतः यायची. दादा तिला वळणावर बघायचा आणि उठून पाणी मारायला लागायचा. ती हौदाजवळ उभी राहून बघायची. चेहऱ्यावर असं काही असायचं की मी पश्चिमेला खिडकी न उरलेल्या त्या हॉलमधून उठून बाहेर दारापर्यंत येऊन तिच्याकडे बघत राहायचे. तो जेवायचा, दोघं काहीबाही बोलायची. जाताना ती मला हळूच म्हणायची, “पाह्यलं ना ताई? दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.”

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि जनरेटरचं डिझेलही संपलं. बंद हॉल थोड्याच वेळात भट्टीसारखा तापला. माणसं उठून पूर्वेच्या ओसरीत गेली. मी एक ग्लास ताक घेऊन पश्चिमेला गेले. आज त्याला खरं काय ते सांगून टाकायचं आणि हे थांबवायचं, असं ठरवूनच गेले होते.

दादा नुकताच पाणी मारून बसला होता. मी म्हटलं, “दादा, तुले एक सांगाचं हाय.”

“नको सांगू,” तो म्हणाला.

“काहून?”

त्यानं ताक संपवलं, ग्लास विसळून बाजूला ठेवला. मग ताटीकडे बोट केलं. “वारा आत जात असला ना, तं वल्ली ताटी खिडकीकडे वढली जाते. हे पाह्य कशी लटकून राह्यली, वाळू घातलेल्या गोधडीवानी. पह्यल्याच दिवशी समजलं मले.”

मी तिथेच जोत्यावर बसले. चटका बसला तरी उठले नाही.

“मंग काहून मारून राह्यला पाणी? कोणासाठी?”

“तुयी वहिनी येते ना दुपारी. तिचं तोंड पाह्यलं का तू?” त्यानं दुपट्टा सोडून तोंड पुसलं. “मी निजून राह्यलो होतो तवा थे रातरात जागे. दाराले कडी लावली का, मांगच्या खोलीत मी काय करून राह्यलो, सारं उठून उठून पाहे. मले समजे. पण उठवतच नव्हतं मले. आता थे झोपते.”

“मंग आत तं येऊन बस. उन्हात काहून मरतं?”

“आत आलो तं मले कपाट दिसन. चार लोकाइच्या देखत दिसन. दिसल्यावर कोणता माणूस बंद खिडकीले पाणी मारते? मंग घरी राहा लागन. मंग पुन्हा तेच.”

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून मला वेड लावणार. त्यावर तो हसला. मी म्हटलं, निदान दुपारचं तरी सोड, सकाळ-संध्याकाळ मार. तो म्हणाला, “दुपारीच तं येते थे.” मग त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, की हे वहिनीला सांगायचं नाही. कधीच नाही. मी शब्द दिला.

त्यानंतर मी वहिनीकडे वेगळ्या वाटेनं जाऊन पाहिलं. म्हटलं, वहिनी, ऊन फार झालंय, डबा सकाळीच देत जा, तुम्हाला काही झालं म्हणजे? ती म्हणाली, “मले काय होते ताई? त्याइले काम करतानी पाह्यलं का मले दिवसभर बरं वाटते.” आता तिला काय सांगणार? अध्यक्षांना सांगून मी ताटीच्या वर एक गोणपाटाचं छप्पर करवून घेतलं. वावटळ आली आणि त्याच आठवड्यात ते उडवून घेऊन गेली. पुन्हा बांधू म्हणेपर्यंत उशीर झाला.

त्या दिवशी मी आत वर्गणीच्या पावत्या फाडत होते. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. डबा दगडावरून गडगडत गेल्यासारखा. ओसरीतला एक म्हातारा बघायला गेला आणि त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली. एरवी तो मला मॅडम म्हणायचा.

चौघांनी उचलून दादाला आत आणलं. त्या उन्हाळ्यात तो आत आला तो असा. मशीनं चालू होती, हॉल गार होता. त्याला फरशीवर निजवलं, अंगावर ओलं फडकं घातलं. अंग विस्तवासारखं आणि घामाचा टिपूस नाही. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. काय दिसत होतं त्याला कोण जाणे. मी त्याच्या आणि कपाटाच्या मध्ये बसले, का ते मलाही सांगता येणार नाही. ऑटो आला, त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. आम्ही फाटकातून निघत होतो तेव्हा वळणावर वहिनीची छत्री दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात माणूस कशानं गेला हे लोक आधी विचारायचे आणि मग वाईट वाटून घ्यायचे. ऊन लागलं म्हटल्यावर काहींनी चक्क सुटकेचा श्वास टाकला. त्यांना दोष देत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मीसुद्धा स्वतःशी तेच म्हटलं होतं, की निदान ते तरी नाही. आणि तसं म्हटल्याबद्दल स्वतःचंच तोंड फोडावंसं वाटलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंते गेले, पाहुणे पांगले, महागावची लेक मागे भांडी घासत होती. खोलीत मी आणि वहिनी. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. वहिनी दादाचे शर्ट काढून घड्या घालत होती. कोणाला द्यायचे ते अजून ठरलं नव्हतं. घडी घालता घालता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, एक इचारू? खरं सांगजा.”

“इचारा.”

“त्याइले माहीत होतं का? खिडकी बंद हाय म्हणून?”

दादाला दिलेला शब्द तर होताच. पण तो नसता तरी मी काय बोलणार होते? माहीत होतं म्हटलं, तर तो वैशाखाच्या उन्हात केवळ तिच्यासाठी उभा राहिला असं होत होतं, तिनं उन्हातून चालत येऊन आनंदानं बघावं म्हणून. ते ह्या बाईच्या अंगावर टाकायची माझी छाती झाली नाही.

“नाई,” मी म्हटलं. “शेवटलोग नाई समजलं त्याले.”

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिनं हातातला शर्ट मांडीवर ठेवला आणि कॉलर बोटानं सरळ करत बसली. बराच वेळ ती कॉलर सरळच होती.

“मंग म्या सांगाले पाह्यजे होतं,” ती म्हणाली. “सांगतलं असतं तं हे उन्हात उभेच नसते राह्यले. घरी आले असते, माह्यावर चिडले असते, बोलले नसते माह्यासंग. पण असते.”

तिला द्यायला माझ्याजवळ दुसरं उत्तर होतं, पण ते ह्याहून बरं नव्हतं. मी घडी झालेले शर्ट एकावर एक रचले. तिनं पुढचा शर्ट घेतला आणि घडी घालू लागली.